साहेब, मला उष्माघात नको, तारीख द्या

प्रति,
मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी (साहेब आणि मॅडम, दोघांनाही)

नमस्कार.

मी एमपीएच करतेय, शेवटचं वर्ष आहे. पब्लिक हेल्थमधलं मास्टर्स. घरी अजून कुणाला हे नीट समजावता आलेलं नाही, आज्जी पाहुण्यांना सांगते की पोरगी डॉक्टरकीचंच शिकती पण सुई टोचत नाही, आणि मला वाटतं यापेक्षा चांगली व्याख्या आमच्या विभागप्रमुखांनापण जमणार नाही. गाव बीड जिल्ह्यातलं. माझा विषय आहे वाढतं ऊन आणि आपल्या माणसांची तब्येत. गेले दोन उन्हाळे स्कूटीवर फिरतेय आणि आता जे मागतेय, कुठल्या तारखेला किती माणसं गेली त्याची मोजणी, ते आधी अर्जात लिहून झालंय, आरटीआयमध्ये लिहून झालंय, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहिते. चिडून नाही लिहीत. म्हणजे थोडी चिडलेय, पण ते सोडा.

एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मला ओपीडीचं रजिस्टर बघायला मिळालं. कुठलं ते सांगत नाही कारण तिथल्या लोकांनी मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडं वळवला आणि चहा पाजला. मोठं जाड रजिस्टर, वरून बारदानासारखं कापड, आत नाव, वय, गाव, तक्रार, औषध असे रकाने. एप्रिल-मेची पानं उघडली की तक्रारीच्या रकान्यात चक्कर, अशक्तपणा, मळमळ, अंगदुखी, परत चक्कर, त्याच्याखाली त्याच दोन उभ्या रेघा, म्हणजे वरीलप्रमाणे. औषधाच्या रकान्यात ओआरएसचे दोन पुडे, पॅरासिटामोल, बी कॉम्प्लेक्स. उष्माघात हा शब्द सबंध रजिस्टरमध्ये एकदाही नव्हता. मी फार्मासिस्ट दादांना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, तो शब्द लिहिला की वरून फोन येतो."

मी त्यांना दोष देत नाही. उष्माघात लिहायचं म्हणजे अंगाचं तापमान ४० अंशांच्या वर मोजलेलं पाहिजे, पेशंट भ्रमात किंवा बेशुद्ध पाहिजे, आणि कुणी गेलं असेल तर शवविच्छेदन, मग समितीची तपासणी, तेव्हा कुठं तो मृत्यू संशयिताचा निश्चित होतो. मेडिकली ते बरोबरच आहे, उगं कुणालाही उष्माघात म्हणून चालत नाही. पण आमच्याकडं माणूस मरतो कसा ते तुम्ही बघितलं असेलच. सत्तरीतली म्हातारी, पत्र्याची खोली, आधीच बीपी, तीन दिवस नीट झोप नाही, चौथ्या दिवशी सकाळी उठलीच नाही. कोण तिचं अंग मोजणार आणि कोण शवविच्छेदन करणार, घरचे म्हणतात पिकलं पान होतं, आणि ग्रामपंचायतीच्या नोंदीत येतं वृद्धापकाळ. शेतातनं आलेला पन्नाशीचा बाप्या छाती धरून बसला की ॲटॅक. दोन्ही खरंच आहे हो, कुणी खोटं लिहीत नाही. पण ऊन त्यात कुठंच दिसत नाही.

म्हणून मी उष्माघाताचा आकडा मागतच नाहीये, हे आधी लक्षात घ्या प्लीज, कारण जिथं जाईल तिथं मला तोच कागद काढून देतात ज्यात निरंक लिहिलेलं असतं.

मला पाहिजे फक्त रोजची मोजणी. अमुक तारखेला अमुक महसूल मंडळात, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटात, किती माणसं गेली, बाई की बाप्या, कुठल्या वयोगटातली. नाव नको, गावपण नको, आजाराचं नावही नको. बस.

त्यातनं काय कळणार असं मला एका ऑफिसात विचारलं गेलं, तर हे अहमदाबादला करून झालंय. तिथं २०१० च्या मे महिन्यात प्रचंड ऊन पडलं होतं. नंतर अभ्यासकांनी काय केलं, तर महापालिकेत नोंदलेले त्या महिन्यातले रोजचे सगळे मृत्यू घेतले, कारण काहीही असो, आणि त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षातल्या त्याच दिवसांशी लावून बघितले. १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. एका शहरात, एका महिन्यात. त्यातल्या बहुतेकांच्या कागदावर ऊन हा शब्द आलाच नसणार, पण तारखा होत्या ना. त्याच्या जोरावर २०१३ ला अहमदाबादचा उष्णता कृती आराखडा आला, दक्षिण आशियातला पहिला. आज आपण जो हीट ॲक्शन प्लॅन म्हणून छापतो, ज्यात दुपारी बाहेर पडू नका आणि पाणी प्या असं लिहिलेलं असतं, त्याचं मूळ तिथं आहे. आराखडा आपण घेतला, ज्या मोजणीवर तो उभा राहिला ती राहून गेली.

हे मी एकटी स्कूटीवर फिरून का करू शकत नाही तेपण सांगते, कारण गाईडनी मला हे गणित पहिल्याच मीटिंगला करायला लावलं होतं आणि माझा चेहरा पडला होता. एका आरोग्य केंद्राखाली साधारण ३० हजार लोकसंख्या धरतात. वर्षाला हजारी सहा मृत्यू धरले तर झाले १८०. म्हणजे दोन दिवसाला एक. आता उन्हानं त्यात दहा टक्के वाढ झाली तरी दोन दिवसाला एकच्या जागी काय दिसणार? काहीच नाही दिसणार, तुम्ही वीस वर्षं रजिस्टर चाळत बसा. पण अख्खा मराठवाडा घेतला, २०११ च्या जनगणनेत १ कोटी ८७ लाख, तर रोजचे तीनशेच्या आसपास मृत्यू होतात, आणि तीनशेमधली दहा टक्के वाढ लगेच दिसते. माझ्या एकटीच्या मेहनतीचा प्रश्नच नाही हा, आठ जिल्हे एकत्र आले तरच हे गणित सुटतं आणि आठ जिल्हे एकत्र आणायची ताकद माझ्या कॉलेजच्या लेटरहेडमध्ये नाही.

ओपीडीवरनं काढता येईल असं मलाही आधी वाटलं होतं. पहिल्या उन्हाळ्यात मी रजिस्टरवरनं चकरेचे पेशंट मोजले, लॅपटॉपवर ग्राफ काढला, मस्त उंच उंच टोकं आली, मी खुश. गाईडना दाखवला तर त्यांनी फक्त विचारलं, "ही टोकं दर सात दिवसांनी कामून येतात गं?" बाजार! सोमवारचा बाजार. लोक बाजाराला आले की भाजी घेतात, बियाण्याची चौकशी करतात आणि जाता जाता दवाखाना करतात. दोन महिन्यांच्या मेहनतीतनं मी आठवडी बाजाराचा शोध लावला होता. आणि बाजार काढून टाकल्यावर जे उरलं ते तर अजूनच उलटं निघालं, सगळ्यात जास्त ऊन ज्या दिवशी त्या दिवशी ओपीडी कमी. कारण सोपं आहे, तसल्या उन्हात पाच किलोमीटर चालत दवाखान्यात येणार कोण. त्यामुळं रजिस्टर रिकामं म्हणून सगळं ठीक आहे असं कुणी वरच्या मीटिंगमध्ये सांगत असेल तर त्यांना हे नक्की सांगा.

आता दुसरी बाजू, तापमान. इथं मात्र आपण गरीब नाही आहोत. पेपरात परभणी, संभाजीनगर, बीड असे मोजकेच आकडे येतात पण २०१७ पासून राज्याच्या महावेध प्रकल्पातली स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळाच्या पातळीवर बसलीत, राज्यात २ हजारांहून जास्त, मराठवाड्यातच चारशेच्या वर मंडळं आहेत. ऊन, पाऊस, वारा, हवेतला ओलावा, सगळं त्यात येतं. कशासाठी, तर पीकविम्यासाठी. मला याचं वाईट वाटत नाही, आमच्या घरी पण विमा भरतात. पण मोसंबीचं बघा. फळपीक विम्यात आंबिया बहाराच्या मोसंबीला जास्त तापमान हा धोका म्हणून धरलेला आहे, ठरलेल्या काळात ठरलेल्या अंशांच्या वर पारा गेला की भरपाईचा हिशोब सुरू. म्हणजे कुठल्या महिन्यात किती अंशाला मोसंबीला त्रास होतो ते शासनाकडं लिहून आहे. त्याच मोसंबीच्या बागेत झाडांना आळी करणाऱ्या बाईला किती अंशाला होतो ते कुणाकडंच लिहिलेलं नाही, आणि यंत्र तर तेच आहे, त्याच मंडळातलं!

आणि मला दुपारच्या आकड्याइतकाच रात्रीचा आकडा पाहिजे. बातम्यांत कमाल तापमान येतं, ४३, ४४, आणि आपण दुपारचीच चर्चा करतो. शरीर दुपारी तापतं ते रात्री निवायला पाहिजे, रात्र पण गरम राहिली की हृदयाला विश्रांती नाही, म्हाताऱ्या माणसाला तर नाहीच. हवामान खातंसुद्धा उष्ण रात्र असा वेगळा इशारा देतं. पण तो इशारा मोकळ्या जागेतल्या थर्मामीटरवर ठरतो, पत्र्याच्या खोलीतल्या नाही. मी एका घरात तापमान नोंदवणारं छोटं यंत्र टांगलं होतं, आणि एक बाहेर लिंबाखाली. रात्री अकरा वाजता आतलं बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंशांनी जास्त होतं आणि आत एक बाळंतीण झोपली होती, दार लावून, कारण बाळाला वारं लागू नये म्हणून सासूनं सांगितलं होतं. मी काय बोलणार. मी यंत्र काढून घेतलं आणि सासूबाईंशी अर्धा तास दाराबद्दल बोलले. शेवटी खिडकीची एक फळी उघडली, दार नाहीच.

पत्र्यावरनं आठवलं. माझ्या आज्जीचं माहेर औसा तालुक्यातलं, माळवदाचं घर होतं. जाड भिंती, वर लाकूड, त्यावर मातीचा थर, भर उन्हाळ्यात आत शिरलं की गार. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि तीच जड माळवदं आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती झोपलेल्या लोकांवर आल्या. त्यानंतर लोकांनी माळवदाचा धसकाच घेतला. आज्जी आजही माळवदाखाली झोपत नाही, पत्रा तापतो पण पडला तरी मरत नाही म्हणते. तिचं बरोबरच आहे. त्यामुळं पत्र्यावर पांढरा रंग द्या, छत थंड करा असलं काही सांगायला कुणी गावात आलं तर हे माहीत असू द्या की पत्रा आमच्याकडं फक्त गरिबीनं आलेला नाही.

एक शब्द तुमच्या आरोग्य विभागापर्यंत पोचवायचा आहे, उन्हाळी. तुम्ही मराठी घरातले असाल तर माहीत असेलच, उन्हाळी लागली म्हणजे लघवीला जळजळ, थेंब थेंब, उन्हात पाणी कमी पडलं की होतं. आमच्याकडं बायका एकमेकींना सांगतात, सब्जा पी, धने भिजवून पी. डॉक्टरकडं गेली तर इन्फेक्शन म्हणून गोळ्या मिळतात, कधी ते असतंही. पण मध्य अमेरिकेत, निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमध्ये, ऊस तोडणाऱ्या तरुण माणसांच्या किडन्या निकामी व्हायला लागल्या, ना शुगर ना बीपी, आणि तिथले अभ्यासक आता मुख्य संशय घेतायत तो भर उन्हातलं अंगमेहनतीचं काम आणि वारंवार पाणी कमी पडणं याच्यावर. तिथं सावली, पाणी, विश्रांती हे तिन्ही कामाच्या वेळेतच द्यायला सुरुवात केली. ऊस. हा शब्द वाचून मी लायब्ररीत सरळच बसले, कारण माझे काका-काकू वीस वर्षं कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जातात.

आमच्या लोकांना हाच आजार होतोय असं मी म्हणत नाहीये, तेवढा पुरावा माझ्याकडं नाही आणि थिसिसमध्ये तसं लिहिलं तर मला नापास करतील. पण परिस्थिती बघा. दसरा-दिवाळीनंतर टोळी निघते, मार्च-एप्रिलपर्यंत तोड चालते, शेवटचे दोन महिने तर ऊनच. मुकादमाकडनं आधीच पैसे म्हणजे उचल घेतलेली असते, खाडा झाला की पैसे कापतात, म्हणून कुणी बसत नाही. उसाच्या फडात आडोसा नाही म्हणून बायका पाणीच कमी पितात. पाठ दुखती म्हणून टपरीवरनं गोळी आणून खातात, आणि पाणी कमी असताना वेदनाशामक गोळ्या किडनीला वाईट. काकूला मी हे सांगितलं तर म्हणाली, "मग मोळी तू उचलती का?" त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजून नाही.

आणि नोंदीचा घोळ इथं सगळ्यात जास्त आहे. माणूस बीडचा, आजारी पडतो कोल्हापूर-सांगलीकडं किंवा थेट कर्नाटकात, तिथल्या रजिस्टरवर तो एक बाहेरगावचा पेशंट, आणि इथल्या रजिस्टरवर तो नाहीच. सहा महिने आमची अर्धी गावं कुठल्याच जिल्ह्याची नसतात.

मोजल्यानं काय होतं असं म्हणणाऱ्यांना एकच आठवण करून देते. ऊसतोड बायकांची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढतात हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत होतं, बायका विहिरीवर बोलायच्या. २०१९ ला बातम्या आल्यावर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. तोपर्यंत ती नुसती कुजबुज होती. माझ्या काकूचं नाव त्या यादीत असेल-नसेल, पण मोजलं म्हणून पुढं खासगी दवाखान्यांना विचारणा झाली, परवानगीचे नियम आले. मोजलं म्हणून.

आता माझ्या आरटीआयचं. एका कार्यालयाकडनं उत्तर आलं, "माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही." दुसऱ्याकडनं आलं की हा विषय आमच्याशी संबंधित नसून अमुक विभागाशी आहे, आणि त्या अमुक विभागानं मला परत पहिल्याकडं पाठवलं. मला त्यांची अडचण कळते, खरंच कळते. मृत्यूची नोंद गावात ग्रामपंचायतीकडं. आरोग्य केंद्र जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडं म्हणजे जिल्हा परिषदेकडं. मोठं रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांकडं. हवामानाचा आकडा कृषीकडं. चौघांचे चार साहेब. पण २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असतं आणि त्याचे अध्यक्ष तुम्ही असता, ही चार टेबलं एका खोलीत बोलावू शकणारा जिल्ह्यात एकच माणूस आहे म्हणून हे पत्र तुम्हाला.

आपत्ती म्हटलं की तुम्ही म्हणाल ऊन आपत्तीच्या यादीत कुठं बसतं. बरोबर, १५ व्या वित्त आयोगाच्या काळातली केंद्राची जी यादी होती त्यात थंडीची लाट होती, गारपीट होती, उन्हाची लाट नव्हती. मराठवाड्यात बसून ती यादी वाचताना हसू येतं खरं. पण मी मदतनिधी मागतच नाहीये, मोजायला यादी लागत नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा किती वाघिणी, किती लाख लिटर हे रोज पेपरात यायचं, मी शाळेत होते, आम्हाला पाठ होतं. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टी झाली तेव्हा तलाठी चिखलातनं फिरून हेक्टर आणि गुंठ्यात पंचनामे करत होते, मी बघितलंय, त्यातल्या एकाला आमच्या घरी जेवायला वाढलंय. आपली यंत्रणा मोजू शकते. ठरवलं की आठवड्यात मोजते.

एक गोष्ट लोक तोंडावर बोलत नाहीत पण असते, की आकडा बाहेर आला आणि आपल्या जिल्ह्याचा जास्त निघाला तर. बदनामी, विधानसभेत प्रश्न, चॅनेलवाले. म्हणून मी एका जिल्ह्याला नाही, आठही जिल्ह्यांना लिहितेय. आठांनी एकदम दिला तर कुणा एकाचं नाव पुढं येत नाही, आणि मला जिल्ह्यांची तुलना करायचीच नाहीये, मला गरम दिवसाची तुलना त्याच मंडळातल्या कमी गरम दिवसाशी करायची आहे. नावं-पत्ते नकोत त्यामुळं कुणाची खासगी माहिती उघड व्हायचा प्रश्न नाही, आमच्या कॉलेजच्या एथिक्स कमिटीची मंजुरी माझ्याकडं आहे, अर्जाला जोडली होती, तीन वेळा.

तर मागणं एवढंच. मागच्या दहा वर्षांचे मार्च ते जूनचे रोजचे मृत्यू, मंडळ, वयोगट आणि लिंग एवढ्या चार रकान्यांत. त्याच मंडळातलं महावेध आल्यापासूनचं कमाल तापमान, किमान तापमान आणि आर्द्रता. एक्सेलमध्ये मिळालं तर पाय धरीन, पण स्कॅन केलेली वाकडी पीडीएफ दिली तरी बसून टाईप करीन, मला सवय झाली आहे. आणि इथून पुढं ओपीडीच्या रजिस्टरमध्ये पेशंट आज कुठल्या कामावरून आला त्याचा एक रकाना वाढवता आला तर बघा, फडात, बांधकामावर, वीटभट्टीवर, घरी, एवढंच. तो रकाना भरायला फार्मासिस्ट दादांना किती सेकंद लागतात ते मी त्यांच्यासोबत बसून मोजून देते.

आणि कधी सवड काढून एखादं रजिस्टर स्वतः उघडून बघायचं असेल तर मे महिन्यात मी तिथंच असते, सकाळी आठ ते बारा. फक्त सोमवारी येऊ नका, बाजार असतो, बसायला जागा मिळत नाही.

आपली,
एमपीएचची एक विद्यार्थिनी
जि. बीड